पॅनिक अटॅक : तहान लागण्याआधीची विहीर

मागच्या व्याख्यानानंतर एक बाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "सर, ते श्वासाचं मी लोकलमध्ये करून बघितलं. काही उपयोग नाही झाला, उलट जास्तच घाबरले." मी विचारलं, "त्याआधी किती वेळा केलं होतंत?" तर म्हणाल्या, "आधी कशाला करू? तेव्हा मला काही होत नव्हतं ना!"

आजचा विषय या उत्तरातच आहे. तहान लागल्यावर आपण विहीर खणायला घेतो.

अटॅकमध्ये होतं काय? खरा धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं. छाती धडधडते, श्वास भराभर चालतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. माणसाला वाटतं, आता आपण मरणार. त्या विचाराने घंटा आणखी जोरात वाजते. अशा वेळी नवीन काही शिकता येत नाही. जे अंगवळणी पडलंय तेवढंच हाताशी येतं.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८७ साली एका शोधनिबंधात या सरावाच्या पायऱ्या सविस्तर मांडल्या. सुरुवातीला घरी खुर्चीत बसून, दिवसातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं एकेक स्नायू आवळायचा आणि सोडायचा. नंतर आवळणं बंद, नुसतं सैल सोडायचं. मग श्वास सोडताना मनात एकच शब्द, 'सैल' म्हणा हवं तर. शरीर त्या शब्दाला ओळखायला लागतं. पुढे हेच उभं राहून, चालताना. असं करत करत वीस मिनिटांचं काम वीस-तीस सेकंदांवर येतं.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रंगीत टेपचा तुकडा. तो घड्याळावर, फोनवर चिकटवायचा आणि दिसला की खांदे सैल सोडायचे. दिवसातून पंधरा-वीस वेळा, तेही काहीच होत नसताना. (आपल्याकडे टेप कशाला, टिकलीचं पाकीट घरोघरी असतं!) भीतीच्या प्रसंगात वापरायची पायरी सगळ्यात शेवटी येते. म्हणजे हे काही आठवड्यांचं काम आहे.

एक मात्र सांगतो. याने अटॅक बटण दाबल्यासारखा बंद होत नाही. तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. "गेला का? गेला का?" असं तपासत बसलात, तर तुम्ही पहाऱ्यावरच राहता. तो ओसरेपर्यंत आहे तिथे थांबता आलं, तरी पुष्कळ झालं. आणि छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, तर स्वतः निदान करू नका, लगेच डॉक्टर गाठा.

त्या बाईंनी मोबाइलच्या कव्हरवर लाल टिकली लावली आहे. लोकल सोडू नका म्हटलं, पण या सरावाची परीक्षा तिथे एवढ्यात घेऊ नका. आधी घरी, मग भाजीच्या रांगेत, मग दुपारच्या रिकाम्या गाडीत. सकाळची आठ-बाराची त्यानंतर बघू.