हीटरच्या घरात तुळस का सुकते?

टोरांटो, शिकागो अशा थंड शहरांतल्या मराठी घरांत तुळस आणि कढीपत्ता हौसेने कुंडीत लावतात. उन्हाळ्यात बाहेर छान वाढलेली ही झाडं थंडीत आत आणली, की पानं गाळू लागतात. घर तर उबदार असतं, मग त्रास कशाचा? उत्तर आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे.

सापेक्ष आर्द्रता आठवते ना? ० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ५ ग्रॅम बाष्प मावतं. २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम मावतं. हीटर हवा तापवतो, पण तिच्यात पाणी घालत नाही. त्यामुळे बाहेर १०० टक्के आर्द्रता असली, तरी तीच हवा आत येऊन तापल्यावर आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास उतरते. अशी कोरडी हवा पानांतलं पाणी ओढून घेते आणि कडा करपतात.

दुसरी अडचण उजेडाची. डिसेंबरात मुंबईत दिवस सुमारे ११ तासांचा, तर टोरांटोत जेमतेम ९ तासांचा असतो. उजेड कमी झाला की प्रकाशसंश्लेषण मंदावतं, वाढ थांबते आणि मुळं पाणी कमी घेतात. आपण मात्र सुकलेली पानं बघून आणखी पाणी घालतो! ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. म्हणून एवढं लक्षात ठेवा: कोरडेपणा हवेत आहे, मातीत नाही.

मग काय करायचं?

१. बोटाचं एक पेर मातीत घालून बघा. तिथपर्यंत कोरडं लागलं तरच पाणी द्या. बशीत साचलेलं पाणी ओतून टाका.

२. कुंडी दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवा, पण पानं गार काचेला टेकू देऊ नका. उजेड पुरत नसेल तर रोपांसाठीचा एलईडी दिवा रोज १२ ते १४ तास लावा.

३. हीटरचा गरम झोत झाडावर येऊ देऊ नका. कुंड्या जवळजवळ ठेवा, जमल्यास ह्युमिडिफायर लावा. नुसतं पाणी फवारून फारसा फरक पडत नाही, ते लगेच वाळतं.

४. कोरड्या हवेत कोळी कीड वाढते. पानांची खालची बाजू अधूनमधून पाण्याने धुवा.

५. वाढ थांबलेल्या झाडाला खत देऊ नका.

कढीपत्त्याची सगळी पानं गळली तरी तो मेला असं समजू नका. फांदीची साल नखाने हलकेच खरवडा. आत हिरवं दिसलं, तर झाड फक्त विश्रांती घेतंय. वसंतात पालवी फुटेल. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या मात्र आधीच काढून ठेवा. जुनं रोप गेलंच, तर ऊब आल्यावर त्याच बियांतून नवी तुळस उगवेल.