ऐन तारुण्यात खुबा दुखतोय?

मांडी घालून बसताना किंवा गाडीतून उतरताना जांघेत कळ येते? ‘शीर आखडली असेल’ म्हणून महिनोन्‌महिने तेल चोळत बसू नका.

खुबा म्हणजे उखळीत फिरणारा गोळा. मांडीच्या हाडाच्या मानेवर उंचवटा असला किंवा उखळीची कड पुढे आलेली असली, की पाय वाकवताना हाडे एकमेकांवर आपटतात. कडेची कूर्चा फाटते. हीच घासाघीस पुढे सांध्याची झीज घडवू शकते, हे बर्नचे डॉ. राइनहोल्ड गांझ व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडले.

शस्त्रक्रियेत पाय ताणून सांधा किंचित उघडतात. साधारण सेंटीमीटरभराच्या दोन-तीन छेदांतून दुर्बीण व हत्यारे घालून उंचवटा तासतात, कूर्चा शिवतात. नंतर काही आठवडे कुबड्या आणि काही महिने व्यायाम चुकत नाही.

लगेच शस्त्रक्रियाच हवी का? नाही. ब्रिटनमधील २३ रुग्णालयांतल्या ३४८ रुग्णांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभराने दोन्ही गटांना आराम पडला होता. शस्त्रक्रियेच्या गटाला व्यायामाच्या गटापेक्षा थोडा अधिक. म्हणून आधी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम करून पाहा. मात्र दुखणे अंगावर काढू नका; सांधा फार झिजल्यावर दुर्बिणीचा उपयोग उरत नाही.