गेमिंग संगणक : व्याजाचा हप्ता नको, टप्पा बरा

मुलांनी गेमिंग संगणकाचा हट्ट धरला की अनेक बांधव व्याजाच्या हप्त्यांकडे वळतात. त्याची गरज नाही. संगणक सुट्या भागांचा असतो. तो टप्प्याटप्प्याने उभा करता येतो.

सुरुवात ‘रायझन ५ ५६००जी’सारख्या प्रोसेसरने करावी. त्यातच ग्राफिक्सची सोय असल्याने वेगळे कार्ड लगेच लागत नाही. हे ग्राफिक्स रॅमच वापरते. म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. हलके खेळ चालतात. जड खेळांसाठी पैसे जमल्यावर कार्ड बसवावे.

काटकसर कॅबिनेटच्या रोषणाईत करावी, पॉवर सप्लायमध्ये नव्हे. पुढील कार्डाचा भार धरून चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा, ‘८० प्लस’ प्रमाणित सप्लाय आताच घ्यावा. ताका आपण चकाकी पाहून नव्हे, पोत पाहून घेतो, नियम तोच.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चार दुकानांत भाव काढावा. बिनबिलाचा माल स्वस्त पडतो, पण बिघडल्यावर वॉरंटी अडते. १८ टक्के जीएसटीचे पक्के बिल, त्यावर सिरीयल नंबर घ्यावा. मात्र घरच्या खेळाचे बिल धंद्याच्या खात्यात घालून करसवलत घेऊ नये. हिशेब साफ, तरच बरकत.