पेज निळी होते, तसं पाणी सुरक्षित होतं



आपल्या पोरी अकरावी-बारावीला सायन्स घेतात, तेव्हा प्रयोगशाळेत एक साधा प्रयोग करतात. परीक्षानळीत पोटॅशियम आयोडाइडचं रंग नसलेलं द्रावण घ्यायचं आणि त्यात क्लोरीनचं पाणी थेंब थेंब सोडायचं. द्रावण तपकिरी होतं. त्यात गार झालेल्या भाताच्या पेजेचे दोन थेंब टाकले, की ते काळंनिळं होतं.

असं का होतं? क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही एकाच घरची भावंडं. त्यांना हॅलोजन म्हणतात. प्रत्येकाला एक इलेक्ट्रॉन हवा असतो. क्लोरीन जास्त जोरदार, म्हणून तो आयोडाइडजवळचा इलेक्ट्रॉन हिसकावतो. आयोडीन मोकळा होतो आणि पेज रंगवतो. उलटं मात्र घडत नाही. आयोडीनला क्लोराइडकडून काही घेता येत नाही. मिठातही क्लोराइडच असतो. त्याला त्याचा इलेक्ट्रॉन मिळालेला असतो, म्हणून तो शांत असतो.

विहिरीत टाकलेली टीसीएल पावडर याच हिसकावण्याच्या स्वभावानं जंतू मारते. पण पाण्यात चिखल, शेवाळ, कुजलेला पाला असेल, तर क्लोरीनचा जोर त्यातच संपतो. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला होता. अशा पुराचं गढूळ पाणी विहिरीत शिरलं, तर नेहमीची मात्रा पुरत नाही.

म्हणून “पावडर टाकली” एवढ्यावर समाधान मानू नका. अर्ध्या तासानंतरही पाण्यात क्लोरीन उरला पाहिजे; शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम. जलसुरक्षक ओटीचे थेंब टाकून हेच तपासतात. पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही, तर राखणदार संपला. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, गुरांनाही पाजायचं नाही.

पावडर ओलीत, उन्हात किंवा उघडी राहिली, की तिचा जोर कमी होतो. आणि संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ती कधीच मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, घसा आणि फुप्फुसं जाळतो. चुकून मिसळलीच, तर सगळं सोडून आधी मोकळ्या हवेत या.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा: महिन्यातून एकदा दोघी जणी शेवटच्या नळाशी जातील, ओटी तपासणी समोर करून घेतील आणि रंग वहीत लिहून ठेवतील. सोबत सायन्सवाली पोरगीही न्या. तिच्या पुस्तकातला धडा तिला गावच्या नळावर दिसेल.