पुरे कोणी म्हणायचे?

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. गावोगाव दुकाने लागतात, लेकी-जावई येतात, दंडार रंगते आणि रात्री नाटकाचा मंडप भरतो. एकदा वर गेलेला पडदा खाली येतो तो पहाटेच. थंडीत चादरी गुंडाळून घरेच्या घरे तो खेळ पाहतात. या प्रेक्षकाला आजवर कुणी व्यसनी म्हटल्याचे ऐकिवात नाही. मग माझा भाचा रात्री दोनपर्यंत मोबाईलवर खेळत बसला, तर आम्ही कपाळाला हात का लावावा?

हा प्रश्न मला पडला तो प्रतापगडाच्या पायथ्याशी. अफझलखानाचा प्रतापगड साताऱ्याकडचा. हा आमचा गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. महाशिवरात्रीला येथे महादेवाची मोठी यात्रा भरते, आणि याच ठिकाणी ख्वाजा उस्मान गनी हारूनींचा दर्गाही आहे. दोन्हीकडे माथा टेकवून घरी परतणारी माणसे इकडे कितीतरी.

बारावीतला भाचा आमच्याबरोबर आला होता. आम्ही चढायला निघालो, तो एका झाडाखाली बसूनच राहिला. "तुम्ही व्हा पुढे मामाजी, एवढी मॅच संपू द्या." दोन तासांनी खाली आलो, तर स्वारी तेथेच! माझा पारा चढला. मी फोन हिसकावला. तो रागावेल असे वाटले होते. पण त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. "मामाजी, आमची चौघांची टीम आहे. मी मधेच सुटलो तर ते तिघे हरतात."

परतीच्या वाटेवर तो हळूहळू बोलू लागला. शिकवणीसाठी आम्हीच त्याला नागपुरात खोली घेऊन दिली होती. तेथे ओळखीचे कोणी नाही, जेवण डब्याचे, आणि चाचणीत गुण घसरलेले. दिवसभरात त्याची कोणी वाट पाहत असेल, तर ती त्या खेळातली तीन मुले. "थांबावंसं वाटते मामाजी, पण थांबता येत नाही," तो म्हणाला. मी वाङ्मयाचा प्राध्यापक. मला या वाक्यावर व्याख्यान सुचले नाही.

पुढे वाचन केले तेव्हा कळले, की त्या पोराने शास्त्रच सांगितले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये खेळाच्या विकाराला आपल्या रोगसूचीत जागा दिली. ती सूची १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. गंमत अशी, की तीत तासांचा हिशेब नाहीच. लक्षणे तीन: खेळावरचा ताबा सुटणे, इतर साऱ्या गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. हे सामान्यतः वर्षभर चालले आणि अभ्यास, घर, काम यांची घडी विस्कटली, तरच तो विकार. सुट्टीत चार तास खेळून हाक मारताच जेवायला उठणारा मुलगा आजारी नव्हे. हाक ऐकूनही ज्याला उठता येत नाही, त्याची काळजी करावी.

नाटक आणि मोबाईल यांतला भेद येथेच आहे. नाटकाला पहाट असते, यात्रेला पांगापांग असते. मोबाईलवरचा खेळ मावळतच नाही. एक डाव संपला की दुसऱ्याचे बटण समोर हजर. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली. बक्षीस केव्हा लागेल ते ठाऊक नसते, म्हणून बोट थांबत नाही. जुगाराच्या यंत्राची हीच तर युक्ती!

बंदीने काय साधते? २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पब्जी मोबाईल बंद केला. २०२१ मध्ये तोच खेळ भारतीय नावाने परतला. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर मात्र संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, आणि तो योग्यच झाला. ऑनलाइन जुगारात नागपूरच्या एका व्यापाऱ्याची ५८ कोटींना फसवणूक झाल्याच्या तक्रारीवरून जुलै २०२३ मध्ये पोलिसांनी गोंदियातल्या एका घरावर छापा घातला, तेव्हा रोकड आणि सोने मिळून कोट्यवधींचा ऐवज सापडला. द्यूताची गोष्ट महाभारतातच संपली, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पण साध्या खेळाला कायदा पुरणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळेसाठी म्हणून मुलांच्या हाती फोन आपणच दिले. मग फोन हिसकावून काय होणार? आम्ही भाच्याची खोली सोडवून त्याला आत्याच्या घरी ठेवले. रात्री दहाला घरातले सगळेच फोन, माझ्या मेहुण्यांचासुद्धा, दिवाणखान्यातल्या कपाटात जातात. पहिला आठवडा धुसफुशीत गेला. मन मोकळे करायला १४४१६ हा टेलिमानसचा विनामूल्य क्रमांक आहे. त्याने एकदा स्वतःहून फिरवला. बंगळूरच्या निम्हान्समध्ये तर अशा मुलांसाठी २०१४ पासून वेगळे उपचारकेंद्र आहे.

तो पूर्ण सुटला, असे मी म्हणणार नाही. अजून खेळतो. मात्र परवा फोनवर बोलता बोलता म्हणाला, "मामाजी, काल टीमला सांगून टाकलं, दहा वाजले, मी चाललो." टीम हरली; पण दुसऱ्या दिवशी तिघेही पुन्हा आले.

यंदा त्याला मंडईचे नाटक दाखवायला नेणार आहे. रात्रभर जागू. पहाटे पडदा पडला की दोघेही उठून घरी येऊ.