तोफ, सोरा आणि पिस्टन

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसल्यांचा शिलालेख पाहतो, सरस्वती महालात मोडी कागदांची चौकशी करतो आणि परततो. किल्ल्याच्या पूर्व बाजूला, बीरंगी मेडू नावाच्या उंचवट्यावर, फारसं कोणी चढत नाही. तिथे राजगोपाल ही लोखंडी तोफ आहे. सतराव्या शतकात रघुनाथ नायकाच्या काळात ती घडली आणि पुढे व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं तेव्हा किल्ल्याबरोबर मराठ्यांकडे आली. लांबी सात मीटरांच्या वर, वजनाचा अंदाज वीस टनांच्या पुढचा. कानपूर आयआयटीचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली तिच्यावर शोधनिबंध लिहिला. ही तोफ ओतलेली नाही, ठोकून घडवलेली आहे. लोखंडाच्या लांब पट्ट्या जुळवून आतली नळी केली आणि तिच्यावर तापवलेली कडी एकीला एक लावून चढवली. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो त्यातलाच हा प्रकार: तापली की सैल, निवली की आवळ.

याउलट विजापूरची मुलूख मैदान ही ओतीव तोफ. 1549 मध्ये ती अहमदनगरला ओतली. वजन सुमारे 55 टन. दोन्ही तोफांपुढे प्रश्न एकच होता. आत दारू पेटली की जो दाब उसळतो, तो धातूने कसा सोसायचा?

मोटारीच्या इंजिनात नायट्रस ऑक्साइड सोडणाऱ्यापुढेही नेमका हाच प्रश्न असतो. नातं वरवरचं नाही. तोफेच्या दारूत गंधक आणि कोळसा जळतात, पण त्यांना लागणारा प्राणवायू सोरा पुरवतो. म्हणून बंद नळीतही ती भडकते. नायट्रस ऑक्साइड हा सोऱ्याचाच धंदा करतो. तो स्वतः जळत नाही, सिनेमात काहीही दाखवोत. सिलिंडरातल्या उष्णतेने त्याचा रेणू फुटतो आणि प्राणवायू मोकळा होतो. हवेत वजनाने 23 टक्के प्राणवायू असतो, नायट्रसमध्ये 36. शिवाय बाटलीतला द्रव बाहेर पडताच उकळतो (उत्कलनबिंदू उणे 88 अंश) आणि आत येणारी हवा गार, म्हणजे दाट करतो. जादा प्राणवायूबरोबर जादा पेट्रोल जाळता येतं. आणि इंजिनातल्या पिस्टनची मूळ कल्पनाही दारूशी जोडलेली आहे: 1670 च्या दशकात पॅरिसमध्ये क्रिस्तियान ह्युगेन्सने नळीत दारू उडवून पिस्टन हलवण्याचं यंत्र मांडलं होतं.

हसवणारा वायू म्हणून ज्याची ख्याती, तो नायट्रस विमानात गेला दुसऱ्या महायुद्धात. जर्मन हवाई दलाने विरळ हवेत इंजिनाचा दम टिकवण्यासाठी ‘जीएम-1’ या नावाने तो वापरला. शर्यतीच्या मोटारींकडे तो नंतर आला.

आता पिस्टन. रोजच्या गाडीतला पिस्टन ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतलेला असतो. स्वस्त, हलका, आणि लाखभर किलोमीटर मुकाट चालणारा. सिलिकॉन वाढवून 16 ते 18 टक्क्यांवर नेलं की ‘हायपरयुटेक्टिक’ पिस्टन मिळतो. हा तापल्यावर कमी फुगतो, झिजतही कमी, म्हणून सिलिंडरात घट्ट बसवता येतो. पण सिलिकॉनचे कठीण कण त्याला ठिसूळही करतात. नॉकिंगचा, म्हणजे अवेळी झालेल्या स्फोटाचा फटका बसला की तो वाकत नाही, तडकतो. पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या मधली कड, जिला मेकॅनिक ‘लँड’ म्हणतात, ती आधी तुटते.

घडीव पिस्टनात दोन मिश्रधातू चालतात. 4032 मध्ये सिलिकॉन साधारण 12 टक्के. रस्ता आणि शर्यत यांच्या मधल्या माणसासाठी तो बरा. 2618 मध्ये सिलिकॉन नगण्य, तांबं आणि मॅग्नेशियमवर भर. हा सगळ्यांत चिवट, मार खाऊन चेपेल पण सहसा फुटणार नाही. त्याची किंमत वेगळीच मोजावी लागते. तो जास्त फुगतो, म्हणून थंड असताना सैल ठेवावा लागतो, आणि सकाळी इंजिन सुरू केलं की काही वेळ खडखडतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, गाडी गेली. माझं मत विचाराल तर नायट्रसच्या मोठ्या मात्रेसाठी 2618 ला पर्याय नाही. छोट्या मात्रेसाठी तो घेणं म्हणजे हौस.

धातूइतकाच आकारही पाहावा लागतो. नायट्रसच्या पिस्टनचा माथा जाड असतो. वरची रिंग माथ्यापासून जरा खाली घेतलेली असते, म्हणजे ज्वाळा तिच्यापर्यंत उशिरा पोचते. व्हॉल्व्हसाठी माथ्यावर कोरलेली खोबण आणि वरच्या रिंगेची खाच यांत पुरेसा धातू उरायला हवा. खोबणीच्या धारदार कडा घासून गोल करतात. तीच कड लाल होऊन मिश्रणाला ठिणगीआधी पेटवते. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी गजन पिन जाड भिंतीची लागते.

तरी बहुतेक पिस्टन मरतात ते रिंगेच्या फटीमुळे. रिंग तापली की लांबते. तिची दोन टोकं एकमेकांना भिडली की ती सिलिंडरात चावते आणि लँड उपटून काढते. साध्या इंजिनात 100 मिलिमीटर बोअरला साधारण 0.4 मिलिमीटर फट ठेवतात. नायट्रससाठी मात्रेप्रमाणे 0.5 ते 0.7. नेमका आकडा पिस्टन बनवणाऱ्याच्या तक्त्यातच पाहावा. कानस आणि फीलर गेज एवढ्या सामानात होणारं हे काम, पण महागडा घडीव पिस्टन आणून नेमकं तेच टाळणारे भेटतात.

मात्रेचे आकडे बहुतेक अमेरिकी आहेत आणि तिकडे इंजिन आठ सिलिंडरांचं. 50 अश्वशक्ती वाढवणारी मात्रा, म्हणजे ‘शॉट’, तिथे प्रत्येक पिस्टनवर सहा-सव्वासहा अश्वशक्तीचं ओझं टाकतो. आपल्या चार सिलिंडरांवर तेच ओझं दुप्पट. दर 50 अश्वशक्तीला ठिणगी सुमारे दोन अंश मागे घ्यावी, हा नियमही त्याच इंजिनांवरून आलेला.

तंजावरच्या उन्हाळ्यात आणखी एक भानगड. नायट्रस 36.4 अंशांच्या वर द्रव राहतच नाही, आणि त्या भागात मे महिन्यात पारा सहज त्याच्या पुढे जातो. बाटलीतला दाब वाढतो, नोझलमधून येणारा माल बदलतो, पेट्रोलचं प्रमाण मात्र जुनंच राहतं. प्राणवायू जास्त आणि पेट्रोल कमी झालं की माथा वितळू लागतो. तिथे 2618 सुद्धा ॲल्युमिनियमच आहे. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतात. ज्वाळा 2000 च्या पुढची.

हे सगळं सार्वजनिक रस्त्यावर करायचं नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही. तंजावरच्या हौशी माणसाला चेन्नईजवळचं इरुंगाट्टुकोट्टई किंवा कोइंबतूरचं कारी, असे ट्रॅक गाठावे लागतात.

तिथे एक धाव मारली की इंजिन लगेच बंद करून स्पार्क प्लग काढतात आणि भिंगाखाली पाहतात. पांढऱ्या चिनी मातीवर चकाकणारे बारीक ठिपके दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. अशा वेळी नवा पिस्टन मागवण्याआधी नायट्रसचा जेट लहान करतात, पेट्रोलचा दाब तपासतात, ठिणगी अजून मागे घेतात आणि मग पुन्हा प्लग पाहतात.