बागेतील कचेरीची भिंत

लेस्टरच्या उपनगरातील आमच्या परसात जी लाकडी खोली मी कचेरी म्हणून वापरावयास घेतली, तिच्या भिंती म्हणजे वस्तुतः बोटभर जाडीच्या फळ्याच असल्यामुळे, जानेवारीत तेथे दप्तर मांडून बसणे आणि उघड्यावर बसणे यांत फारसा भेद उरला नव्हता. उपाय म्हणून मी चकचकीत वर्खाचा एक पापुद्रा आतून फळ्यांवर ठोकला आणि स्वतःच्या अकलेवर खूश झालो. फेब्रुवारीत त्याचा कोपरा उचकटून पाहतो तो मागे पाण्याचे थेंब आणि काळी बुरशी! माझ्याच श्वासाची वाफ फटींतून मागे शिरून गार फळीवर पाणी होऊन बसली होती.

पुढे ज्या वृद्ध सुताराला पाचारण केले, त्याने बाहेरच्या फळ्याच उतरवल्या. पाऊस अडवील पण आतली वाफ जाऊ देईल असा पडदा त्याने सांगाड्यावर ताणला, त्यावर 25 मिलिमीटरच्या पट्ट्या ठोकल्या आणि मगच फळ्या पुन्हा चढवल्या, जेणेकरून त्यांच्यामागे वारा खेळता राहावा. आतून, उभ्या दांड्यांच्या मधल्या गाळ्यांत, दोन्ही अंगांनी वर्ख चढवलेले पिवळसर पीआयआर फोमचे 75 मिलिमीटर जाडीचे तक्ते बसवायचे होते. तितकाच गारठा अडवण्यास खनिज लोकरीची गादी जवळजवळ दुप्पट जाड लागली असती. आजीच्या गोधडीत जे काम थरांमध्ये अडकलेली हवा करी, तेच येथे सूक्ष्म पेशींत कोंडलेला वायू करतो.

तक्ते कापण्यास त्याने पाव कापण्याची दातेरी सुरी काढली, तेव्हा मला हसू आले. पण कड सरळ आली. पिठासारखी भुकटी मात्र मनगटापासून कोपरापर्यंत चिकटली. बोटाच्या पेराएवढी जी फट उरे, तीत तो नळीने फेस सोडी. तो भज्यासारखा फुगून बाहेर येई आणि दुसऱ्या दिवशी दांड्याबरोबर छाटला जाई. त्यावर सलग वाफरोधक पडदा, सांध्यांवर वर्खाची चिकटपट्टी.

प्लास्टरबोर्ड ठोकण्यापूर्वी तो प्रत्येक पट्टीवर अंगठा दाबून फिरवीत गेला. विजेच्या पेटीपाशी पट्टीचे एक टोक सुटलेले त्याला लागले. तेवढ्यासाठी त्याने हातातला हातोडा खाली ठेवला आणि चिकटपट्टीचे नवे रीळ आणावयास मला दुकानी पिटाळले.